आकाशातला नाका

जकात हा शब्द आमच्या घरात मीठमिरचीसारखा रोजच्या वापरातला होता. वडील जकात नाक्यावर नाकेदार होते. नागपूरहून वर्ध्याकडे जाणारा रस्ता त्या काळी जिथे वस्ती सोडून रानात शिरे, तिथे त्यांचा नाका होता. नाका म्हणजे काय, तर कौलारू छपराची एक खोली, तिच्यासमोर रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, बांबूच्या एका टोकाला बांधलेला दगड, एक तराजू, एक कंदील आणि पावत्यांची लांबट वही. बैलगाडी आली, ट्रक आला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई आली, की बांबू आडवा. माल पाहायचा, वजन करायचे, दराच्या तक्त्यावर बोट ठेवायचे, पैसे घ्यायचे, पावती फाडायची; मग दगड खाली जाई आणि बांबू वर. शाळेतली मुले मला ‘नाका’ म्हणूनच हाक मारीत. माझे खरे नाक तसे बेताचेच आहे. तेव्हा हे नाव मला वारशानेच मिळाले म्हणायचे.

बाबांची रात्रपाळी असली आणि दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असली, की डबा घेऊन मी नाक्यावर जाई आणि तिथेच बाकावर झोपे. झोपे म्हणजे झोपल्याचे सोंग करी. कारण रात्री बाराच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर जे चाले, त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मला चैन पडत नसे. १९४९ साली आपल्या देशात रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार दिशांहून चार विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला येऊन भेटत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या घराकडे परत फिरत. आमच्या नाक्यावरून त्यांचे लुकलुकणारे दिवे दिसत. डाकोटाचा तो घरघराट आधी पोटात जाणवे आणि मग कानाला ऐकू येई.

“ह्यांना नाका नाही,” बाबा एकदा वर पाहत म्हणाले. “जमिनीवरून जाणाऱ्याची पाटी आपण उघडून पाहतो. वरून जाणाऱ्याला कोण अडवणार?”

त्यांच्या बोलण्यात हेवा होता की सुटकेचा आनंद, ते मला तेव्हा कळले नाही. मला मात्र ते वाक्य फार आवडले. पृथ्वीवर सगळीकडे बांबू आडवे असले, तरी डोक्यावरचे आकाश मोकळे आहे, अशी त्या वयात माझी समजूत झाली आणि पुढे पुष्कळ वर्षे ती टिकली.

त्या नाक्यावरची आणखी एक आठवण सांगितली पाहिजे. खापरीच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी दर आठवड्याला तूप घेऊन येई. पितळेची चरवी, तिच्या तोंडाला फडके आणि फडक्यावर पळसाचे पान. तूप कधी दोन शेर, कधी अडीच शेर. त्यावरची जकात होई ती काही आण्यांची. नवे पैसे चालू झाले होते, तरी तिचा हिशेब आण्यांतच चाले. पैसे देताना ती दरवेळी एकच प्रश्न विचारी.

“नाकेदारबाबू, तूप इकाच्या आंधीच तुमी त्याचे पैसे घेता. इकलं नाही त वापस देसान का?”

बाबा हसत आणि पावती फाडत. जकात माल विकल्यावर द्यायची नसते, वेस ओलांडतानाच द्यायची असते, आणि ती देणारा माणूस मग ती कोणाच्या माथी मारता येईल हे पाहत गावात हिंडतो. ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी नंतर वाचली, पण शिकलो ती त्या म्हातारीकडून.

मग ती यायची बंद झाली. बाबांना वाटले, गेली असेल बिचारी. वर्षा-दीड वर्षाने डोक्यावरून आणलेल्या किरकोळ ओझ्यावरची जकात माफ झाली. त्या दिवशी बाबांना तिची आठवण आली आणि तिकडच्या एका गाडीवानाबरोबर त्यांनी निरोप धाडला, की बाई, जिवंत असशील तर ये, आता पैसे पडत नाहीत. आठ दिवसांनी गाडीवान उत्तर घेऊन आला. म्हातारी धडधाकट होती. बुटीबोरीचा एक व्यापारी आता तिच्या दारात येऊन तूप नेत होता. भाव कमी देत होता, पण वाटेत नाका नव्हता. तिने सांगून पाठवले होते, “नाकेदारबाबूले म्हणा, पायाची त्या वाटेची सवय मोडली.”

बाबांनी हे घरी येऊन आईला सांगितले. रोकड जुळूनही हिशेब चुकल्यासारखे वाटावे, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

नागपूरची जकात १ एप्रिल २०१३ ला बंद झाली. ते पाहायला बाबा नव्हते. आता त्या रस्त्याच्या वरून मेट्रो धावते आणि नाक्याची जागा नेमकी कोणती, हे मलाही खात्रीने दाखवता येत नाही. विमानतळ मात्र आहे, आणि त्याच्या पुढे, जिथे पूर्वी नुसती शेते होती, तिथे मिहान आहे. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे. पण नागपूरकरांनी ते एखाद्या गावाच्या नावासारखे करून टाकले आहे. “पोरगा कुठे असतो?” “मिहानला असतो.”

या मिहानमध्ये आता विमानांचा संसार थाटला गेला आहे. २००६ साली एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा एवढ्या मोठ्या खरेदीच्या बदल्यात बोइंगने इथे काही उभारून द्यावे असे ठरले. त्यातून विमानदुरुस्तीच्या प्रचंड शाळा उभ्या राहिल्या आणि २०१५ पासून त्या चालू झाल्या. जवळच टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ या विमानाच्या तळजमिनीला आधार देणाऱ्या तुळया बनतात. त्या लोखंडाच्या नव्हेत, कार्बनच्या तंतूंच्या. फ्रान्सची दासो कंपनी आणि रिलायन्स यांच्या कारखान्यात फाल्कन विमानांचे भाग तयार होतात, आणि २०२८ पर्यंत फाल्कन २००० हे सबंध विमान इथे जुळवायचे, असे जून २०२५ मध्ये जाहीर झाले आहे.

हे सारे मला समजावून सांगणारा माझा भाचा. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे छोटे वर्कशॉप आहे. तीन सीएनसी यंत्रे, अकरा कामगार. तो ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून हाताच्या पंजाएवढे पकडआधार कोरून काढतो. हे तुकडे बंगळूरच्या एका कारखान्यात जातात, तिथे दुसऱ्या तुकड्यांना जोडले जातात आणि मग समुद्रापार अमेरिकेत. तिसरे यंत्र घेताना बँकेने जामीनदार मागितला, तेव्हा त्या कागदावर मी सही केली. मला दुसरे आहे काय? शिक्षकाचे निवृत्तिवेतन आणि बाबांनी बांधलेले घर.

एकदा जेवताना मी त्याला बाबांचे ते वाक्य सांगितले, की विमानाला नाका नाही. तो हसायला लागला. त्याने ताटातल्या वाट्या पुढे ओढल्या. “मामाजी, हे ७८७ बघा. ह्याचे पंख जपानात नागोयाला बनतात आणि पोट फुगवलेल्या एका मोठ्या विमानात बसून अमेरिकेला जातात. धडाचा काही भाग इटलीतून येतो, काही जपानातून, काही अमेरिकेतलाच. इंजिन घेणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे अमेरिकन किंवा इंग्रज. तुळया आपल्या नागपूरच्या. हे सगळं साउथ कॅरोलायनात एकत्र येतं, तेव्हा कुठे विमान होतं.” वरणाची वाटी म्हणजे साउथ कॅरोलायना होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. विमान उडायला लागल्यावर त्याला नाका नसेल. पण उडण्यापूर्वी त्याचा एकेक अवयव कितीतरी नाके ओलांडून आलेला असतो. बाबांनी विमान पाहिले होते ते आकाशात. त्याचे बाळंतपण पाहिले नव्हते.

मग हे बाळंतपण आजवर निभावले कसे? त्याची युक्ती बाबांच्या नाक्यावरही होती. जो माल नागपुरात विकायचा नाही, नुसता शहरातून पुढे जबलपूरकडे जायचा आहे, त्याला जकात पडत नसे. त्याला रहदारीचा पास मिळे. विमानांच्या धंद्याने असाच पास जगभर मिळवून घेतला होता. १९७९ साली काही राष्ट्रांनी एक करार केला आणि १ जानेवारी १९८० पासून नागरी विमाने, त्यांची इंजिने आणि सुटे भाग यांवर आपसांत जकात घ्यायची नाही असे ठरवले. त्या कराराखाली भारताची सही नव्हती. आपण आपल्यापुरता दुसरा पास काढला: मिहानसारखी विशेष आर्थिक क्षेत्रे. बाहेरचा कच्चा माल तिथे जकातीवाचून येतो आणि घडवून परत बाहेर जातो. देशात असून नाक्यापलीकडे, अशी ती जागा. पण पास देणारा नाकेदार बदलला किंवा त्याचे मन फिरले, तर पासाचा कागद तो किती?

पहिला फेरा मोठ्या घरांतच झाला. बोइंग आणि एअरबस या दोघांनी आपापल्या सरकारांकडून गैरवाजवी मदत घेतली, असा अमेरिकेचा व युरोपचा तंटा २००४ पासून चालू होता. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने युरोपातून येणाऱ्या विमानांवर १० टक्के जकात बसवली आणि २०२० च्या मार्चमध्ये ती १५ केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपने अमेरिकन विमानांवर १५ टक्के लावून परतफेड केली. २०२१ च्या जूनमध्ये दोघांनी पाच वर्षांचा तह केला. मी तेव्हा ही बातमी वाचून पान उलटले होते. मोठ्यांची भांडणे, आपल्याला काय त्याचे!

२०२५ साली मात्र पान उलटता आले नाही. एप्रिलमध्ये अमेरिकेने जवळजवळ सगळ्या जगाच्या मालावर १० टक्के जकात बसवली. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांवरची २५ टक्क्यांची जकात जूनमध्ये ५० झाली. ७ ऑगस्टला भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टला आणखी २५. ज्या देशांनी वाटाघाटी लवकर उरकल्या, त्यांनी आपली विमाने पहिल्यांदा सोडवून घेतली: इंग्लंड, युरोप, जपान. ब्राझीलवर तर ५० टक्के बसले, पण त्याची विमाने त्यातून वगळली गेली. विमान ही वस्तूच अशी, की घेणाऱ्यालाही तिच्यावाचून चालत नाही.

सप्टेंबरच्या एका रात्री भाचा घरी आला. चहा पुढे ठेवला तरी त्याने कप उचलला नाही.

“मामाजी, ऑर्डर थांबली.”

“मग दुसरं गिऱ्हाईक बघ,” मी सहज म्हणालो. न कळणाऱ्या माणसाचा सल्ला नेहमी असाच सोपा असतो.

“हे भाजीचं दुकान नाही ना मामाजी. विमानातल्या प्रत्येक तुकड्याची जन्मकुंडली लागते. धातू कोणत्या भट्टीतला, कोणत्या यंत्रावर कापला, कोणी मोजला, सगळं लिहून ठेवायचं. पहिला नग पास व्हायलाच कित्येक महिने जातात. नवं गिऱ्हाईक धरलं तर तेवढे महिने बसून खावं लागेल.”

“मग त्यांनाही तुला असं सोडता येणार नाही.”

“सोडलेलं नाहीच. त्यांच्याकडे साठा आहे, तो वापरताहेत; आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या देशातून नमुने करून घेताहेत. आम्हाला म्हणतात, भाव पंधरा टक्के उतरवा, मग बघू.”

जकात भरतो अमेरिकेतला माल घेणारा; ती जाते अमेरिकेच्या खजिन्यात. पण तो ती आपल्या खिशात ठेवून थोडाच बसतो! तो बंगळूरला म्हणतो, थोडी तू सोस. बंगळूर हिंगण्याला म्हणते, थोडी तू सोस. हिंगण्याने कोणाला म्हणावे? त्याच्या खाली यंत्रावर उभे असलेले अकरा जण. वाजवी भाव आणि पंधरा टक्के यांच्यामध्ये जे काही होते, ते त्या अकरांच्या पगारात होते. आणि बँकेचा हप्ता होता. त्याच्या कागदावर माझी सही होती. त्या रात्री मी बाबांच्या खोलीत बराच वेळ दिवा लावून बसलो. घराच्या भिंतींकडे मी इतक्या लक्षपूर्वक पूर्वी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे विमान उडवणाऱ्यांच्या टोकाला तरी सुख होते का? विमान कंपन्यांचा डौल मोठा, पण गाठीला पैसा थोडा. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जून २०२५ मध्ये अंदाज केला होता, की वर्षभरात एका प्रवाशामागे निव्वळ नफा उरेल तो ७.२० डॉलर. शहरातल्या एका साध्या जेवणाएवढा. अशा माणसाला कोट्यवधींच्या विमानावर दहा टक्के भर म्हटले, तर तो काय करील? तो वाट बदलील. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने सांगून टाकले, की नव्या विमानांवर आम्ही जकात भरणार नाही. आणि मे महिन्यात तुलूजला तयार झालेले एक नवे एअरबस तिने घरी न नेता आधी तोकियोला नेले. परदेशी मार्गावर एकदा वापरले गेले की ते ‘नवीन आयात’ राहत नाही, अशी नियमात फट होती. हे वाचताना मला हसू आवरेना. बाबांचा नाका टाळण्यासाठी गाडीवान रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून शेतातून गाड्या घालीत. इथे घंटा काढून सबंध विमान शेतातून घातले होते!

चीनची गोष्ट याहून निराळी. दोन्ही देशांनी जकाती शंभर टक्क्यांच्या वर नेल्या, तेव्हा चिनी कंपनीसाठी तयार झालेली, तिच्या रंगाने रंगवलेली बोइंग विमाने एप्रिलमध्ये चीनहून माघारी सिॲटलला आली. मांडवाच्या दारातून मुंडावळ्यांसकट परत फिरलेला नवरदेवच तो. मे महिन्यात जकाती उतरल्या आणि लग्न पुन्हा ठरले. पण मधल्या काळात त्याच विमानांकडे आपल्या एअर इंडियाचे डोळे लागले होते.

नवे विमान महाग झाले, की कंपन्या जुने विमान अधिक वर्षे चालवतात. आणि जुने विमान म्हणजे दुरुस्ती. या हिशेबाने मिहानच्या विमानशाळांना बरे दिवस यायला हवेत. पण दुरुस्तीला सुटे भाग लागतात आणि तेही कुठल्यातरी नाक्यावरून येतात. इथे आपल्यालाही दुसऱ्याला नावे ठेवण्याचा फारसा अधिकार नाही. विमानाच्या सुट्या भागांवर आपल्याकडे कुठे ५, कुठे १२, कुठे १८, तर कुठे २८ टक्के कर होता. दुरुस्तीवरचा कर एप्रिल २०२० पर्यंत १८ टक्के होता, तो तेव्हा ५ झाला. आणि सुट्या भागांवर सरसकट ५ टक्के यायला १५ जुलै २०२४ उजाडावे लागले. तोवर आपली विमाने दुरुस्तीसाठी सिंगापूरला, कोलंबोला जात. आपल्याच वेशीवर आपणच बांबू आडवा टाकला होता, आणि म्हातारी बुटीबोरीच्या व्यापाऱ्याला तूप देत होती.

त्या वर्षीची दिवाळी बहिणीकडे झाली. मेहुण्यांचे काटोलकडे संत्र्याचे बगीचे आहेत. फराळाच्या वेळी भाचा गप्प होता. मेहुणे सावकाश चकली मोडत म्हणाले, “संत्र्याचं जे झालं तेच तुझ्या तुकड्याचं झालं.” मग त्यांनी हिशेब सांगितला. आपली संत्री पूर्वी ट्रकच्या ट्रक बांगलादेशात जात. २०१९ नंतर चार वर्षांत तिथले शुल्क चौपटीहून अधिक झाले. वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत माल पडून राहिला, भाव कोसळला, काहींनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. “संत्र्याचं झाड फळायला पाच वर्षं लागतात,” ते म्हणाले, “आणि शुल्क बदलायला एक सही.”

भाच्याने त्याच आठवड्यात चार जणांना कामावरून कमी केले. दिवाळीची रक्कम हातात दिल्यावर केले. आधी केले नाही. त्यात एक पन्नाशीचा माणूस होता. तो म्हणाला म्हणे, “साहेब, आपण बनवलेला तुकडा खराब होता का?” तुकडा उत्तम होता. केसाच्या जाडीइतकाही फरक त्यात नव्हता. चांगले काम केले की पोट भरते, असे मी चाळीस वर्षे मुलांना वर्गात शिकवले. त्या माणसाला काय उत्तर द्यावे, ते मला भाच्याला सांगता आले नाही.

२०२६ च्या फेब्रुवारीत बातमी आली. भारत आणि अमेरिका यांच्यात बोलणी होऊन ५० टक्क्यांचा दर १८ वर आला. विमाने आणि विमानांचे काही सुटे भाग यांवरची जकात काढायचे निवेदनात आले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्या कायद्याच्या आधाराने देशोदेशींच्या मालावर या जकाती बसवल्या होत्या, तो कायदा अध्यक्षांना असा अधिकार देत नाही, असा निकाल दिला. भाच्याने सकाळीच फोन केला. त्याचा आवाज मोकळा होता. “मामाजी, नाका उठला!”

मी म्हणालो, “फार चांगलं झालं.” पण फोन खाली ठेवला तेव्हा मला चरवीवरचे ते पळसाचे पान आठवत होते.

तो तीन प्रकारचे तुकडे बनवीत असे. महिनाभराने बंगळूरहून पत्र आले. त्यातला एक प्रकार परत मिळाला. उरलेल्या दोघांचे नमुने दुसऱ्या देशात पास होऊन गेले होते, त्यांची घडी तिकडे बसली होती. भाव जुळत होता, जकात उतरली होती, कोणाशी भांडण नव्हते. पायाची सवय मोडली होती, एवढेच. कमी केलेल्या चौघांना त्याने निरोप पाठवला. दोघे आले. एक पुण्याला गेला होता. तो पन्नाशीचा माणूस आता मुलाच्या किराणा दुकानात बसतो. तो आला नाही.

जकातीचा दर वर्तमानपत्रात छापून येतो. तो चढतो, उतरतो, न्यायालयात रद्दही होतो. बाबांच्या वहीत प्रत्येक आण्याची पावती असे. पण जी बाई आलीच नाही, तिची पावती कुठल्या वहीत फाडायची? आम्ही नाकेदाराच्या घरातली माणसे. नाका वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. त्या पैशांतूनच शहरात दिवे लागले, नळ आले आणि माझी फीही भरली गेली. पण रस्त्यावर बांबू आडवा टाकण्याआधी, त्या रस्त्याने कोणाकोणाचे पाय येतात हे एकदा पाहायला हवे. पैसे मोजता येतात. पाय मोजले जात नाहीत.

परवा भाचा पुन्हा आला होता. मिहानमधल्या विमानशाळांसाठी चाकांच्या शिड्या आणि विमानाचे भाग टेकवून ठेवायच्या घोड्या बनवायचे काम त्याच्याकडे चालून आले आहे. काम ओबडधोबड, नफा कमी. पण हिंगणा ते मिहान या वाटेवर एकही वेस नाही. त्याला एक वेल्डिंगचे यंत्र घ्यायचे आहे. बँक पुन्हा जामीनदार मागते आहे. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, भिंतीवरच्या बाबांच्या तसबिरीकडे पाहत होता.

बाहेर विमान उतरत होते. आता ती मध्यरात्रीची वाट पाहत नाहीत, दिवसभर येतात-जातात. आवाज पूर्वीसारखा आधी पोटात जाणवत नाही. किंवा माझे पोटच आता म्हातारे झाले असेल.

“शिड्या नागपुरातच राहणार ना?” मी विचारले.

“नागपुरातच, मामाजी.”

“मग आण कागद,” मी म्हणालो आणि चष्मा शोधू लागलो.